देव निजले त्या चार मासांची हकीकत

श्रीचें स्मरण करून, ऐकणारांची झोप उडो ऐसी इच्छा धरून, घडलें तैसें लिहिलें ऐसे जे. शके सोळाशें एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरीं, आषाढ शुद्ध एकादशीस कोणे एके राज्यीं देव रीतीप्रमाणें चार मासांकरितां निजले. पुजाऱ्यांनीं दुलई पांघरविली, उशी दिधली, आणि देवळास हार पुरविणारी चिमाबाई माळीण हें उंबऱ्याबाहेरून पाहत होती, ती म्हणाली, "देव निजले, तर उद्यां हार आणूं कीं नको?" पुजारी म्हणाले, "आण. पण हळू बोल, उठतील." तें चिमाबाईस नवल वाटलें, आणि ती विचार करीत मळ्यास गेली.

मग राजगुरू त्रिविक्रमशास्त्री यांहीं दरबारीं सहज बोलून दाखविलें कीं, देव निजले असतां पाप पाहतो कोण? महाराजांस अर्थ गोड लागला, आणि कारभाऱ्यांस तर ऐसा लागला कीं सज्जनांनींही तुंबलेलीं पापें उरकून घेतलीं. गवळी विहिरीवरून दूध आणूं लागले, साक्षीदार एके दमांत दोन्हीं बाजूंनीं बोलूं लागले, आणि चिमाबाईचा शेजारी रायाजी हवालदार यानें बांधाचा दगड वीस हात आंत सरकविला, तेणेंकरून तिची विहीर त्याच्या मळ्यांत गेली.

चिमाबाई न्यायाधीशाकडे गेली. ते कळवळून बोलले, "बाई, दगड सरकला हें खरें. परंतु कार्तिकांत ये. देव उठले कीं पहिली फिर्याद तुझी."

"धनी, पावसानें पाठ फिरविली आहे. कार्तिकांत शेवंती कुठली? काड्या असतील."

मग भाद्रपदीं ती हार घेऊन थेट दरबारीं गेली आणि हात जोडून म्हणाली, "शास्त्रीबुवा, रागावूं नका, अडाणी बाई पुसतें. देव निजले, तर नैवेद्य कोण जेवतो?"

"देवच, गे."

"निजून?"

शास्त्रीबुवांनीं पोटावरून हात फिरविला. मग ती महाराजांकडे वळली. "महाराज, ह्या सेनापतींनीं इमानाची शपथ कोणाच्या नांवें वाहिली?"

"देवाच्या," महाराज अभिमानें बोलले.

"मग ती शपथ जागी आहे, कीं तीही निजली?"

सेनापती हैबतराव यांच्या मनीं हा विचार जन्मांत आला नव्हता, आणि आतां येतांना तो सर्वांस दिसला. महाराजांनीं त्यांचें मुख पाहिलें, मग तलवार पाहिली, आणि गादीवर अंमळ पलीकडे सरकून म्हणाले, "शास्त्रीबुवा, देव नेमके किती निजतात?"

शास्त्रीबुवा घाम पुसून बोलले, "महाराज, एकच डोळा मिटतात. दुसरा शपथेकडे असतो."

"आणि बांधाकडे?" चिमाबाईनें पुसलें.

"बांधाकडेही!" महाराज ओरडले.

तेच दिवशीं रायाजीनें दगड स्वतः उचलून जागीं नेला, विहीर चिमाबाईकडे आली, आणि दसऱ्यास शेवंती ऐसी फुलली कीं दरबारास हार पुरून उरले.

एवंच, राज्यांत नीति आली ती ऐसी. देव पूर्ववत् चार मास निजतात. महाराजांस मात्र ते दिवसांत झोप येत नाहीं, आणि हैबतराव अद्यापि विचार करीत आहेत.