वामनभाऊंचा कॅट

पत्त्यांचा नवा कॅट हातात आला की वामनभाऊ पौनीकर तो आधी हुंगत. मग त्यातलं एक पान काढून कानाशी नेत, अंगठ्यानं वाकवत आणि सोडून देत. 'टर्र' आवाज आला तर मान डोलावत. 'फस' आला तर दुकानदाराकडे अशा नजरेनं बघत की त्या बिचाऱ्याला आपण पत्ते नव्हे, चोरीचा माल विकतोय असं वाटावं.

इतवारीत त्यांची मिरचीची अडत होती. भिवापूरची मिरची कोणती आणि भिवापूरची म्हणून खपवलेली कोणती, हे ते पोत्याचं तोंड न सोडता सांगत. तीच परीक्षा पत्त्यांना. "मिरची का आन् पत्ता का, बाबू, सुकला किती ते पाहा लागते," असं ते मला समजावत. मी मूळचा साताऱ्याकडचा, रेल्वेतल्या नोकरीपायी नागपुरात आलेला आणि त्यांच्या माडीवर भाड्यानं राहणारा. त्यांच्या लेखी मी 'बाबू' होतो, आणि मला मिरचीतलं कळत नव्हतं, पत्त्यातलं कळत नव्हतं, आणि संत्रं कसं सोलावं हेही त्यांनीच मला शिकवायचं होतं.

आत्मविश्वास म्हणाल तर तो त्यांच्या घरात पोत्यांनी होता. "बाजार आपल्याले विचारून उघडते," हे त्यांचं आवडतं वाक्य. खरं तर बाजार सकाळी आठला उघडे आणि वामनभाऊ साडेनऊला पोचत. पण ते आले की बाजारालाच उशीर झाल्यासारखं वाटे, हेही खरं.

मेंढीकोट हा त्यांचा प्राण. चार खेळणारे, समोरासमोर बसलेले दोघं-दोघं भिडू, आणि ज्यांच्याकडे दश्श्या जास्त आल्या त्यांचा डाव. एवढा साधा खेळ. पण वामनभाऊ पाचवा हात होईस्तोवर कोणाकडे कोणतं पान उरलंय ते मनातल्या मनात मांडून बसलेले असत. तीस वर्षांत त्यांच्या हातून चुकीचं पान पडलं नव्हतं. हे मला त्यांनी सांगितलं, त्यांच्या शेजाऱ्यांनी सांगितलं आणि ज्यांना त्यांनी हरवलं त्यांनीही सांगितलं.

त्यांचे भिडू गजभिये मास्तर. नागपुरातल्याच इंदोऱ्यात राहणारे, नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र सदरा घालणारे आणि मोजकं बोलणारे. दोघांची जोडी वीस वर्षांची. धंतोलीतल्या एका क्लबात दर हिवाळ्यात मेंढीकोटाची स्पर्धा भरे. अमरावती, अकोला, चंद्रपूर, सगळीकडून जोड्या येत. सलग तीन वर्षं जिंकणाऱ्याला चांदीची ढाल कायमची मिळे. वामनभाऊ आणि मास्तर दोन वर्षं जिंकले होते. तिसरं वर्ष उगवलं होतं.

त्या स्पर्धेचा एक अजब नियम होता. प्रत्येक जोडीनं आपला कॅट आणायचा आणि नाणं उडवून ज्याचा कौल लागेल त्याच्या कॅटनं खेळायचं. बाकीचे लोक येताना सीताबर्डीवरून कोणताही कॅट उचलून आणत. वामनभाऊंची तयारी दिवाळीपासून सुरू होई. त्यांच्या कपाटात अकरा कॅट होते आणि प्रत्येकाला नाव होतं. 'पहिलवान' जाड पुठ्ठ्याचा. 'मामी' पिसायला नाठाळ. 'दिवाण' त्यांचा लाडका, ज्याच्या जोरावर दोन्ही वर्षं जिंकले होते. त्याच्या पाठीवर हिरवी नक्षी होती आणि तो मलमलीत बांधून ठेवलेला असे.

"दिवाणच न्यायचा ना?" मी विचारलं.

"तपासल्याबिगर काईच नेत नाही आपण," ते म्हणाले. "काय सांगता, वर्षभरात बिघडला असन."

म्हणून रोज दुपारी सराव. वामनभाऊ आणि मास्तर एका बाजूला, मी आणि वामनभाऊंच्या पत्नी सुमनकाकू दुसऱ्या बाजूला. काकू तांदूळ निवडता निवडता खेळत आणि माझ्यापेक्षा फार बरं खेळत.

पहिल्याच दुपारी दिवाण बाद झाला. डाव रंगात आला होता, मी इस्पिक खेळलो आणि मास्तरांनी किलवर टाकलं. दोन हातांनंतर त्यांच्याकडून इस्पिक पडलं. हातात रंग असताना दुसरं पान टाकलं की मेंढीकोटात डाव तिथंच गेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वामनभाऊ कडाडले, "हा कॅट खराब झाला! छपाई फिकी पडली!" आणि त्यांनी लाडक्या दिवाणाला उचलून कपाटाच्या वर फेकलं.

मास्तर डोळे चोळत म्हणाले, "तुमच्या मिरचीनं डोये झोंबून राहिले, वामनभाऊ."

दुसऱ्या दिवसापासून वामनभाऊ खेळायला बसण्याआधी बेसनानं आणि साबणानं दोनदा हात धुऊ लागले. पण कॅट बाद होतच राहिले. पहिलवान बाद झाला, कारण तो 'घमेंडी' होता. मामी बाद झाली, कारण 'तिचं मन खेळात नाही'. एका कॅटच्या राण्या तिरळ्या होत्या म्हणे. मी निरखून पाहिल्या. चारही राण्या सरळ बघत होत्या. पंधरा दिवसांत नऊ कॅट गेले आणि वामनभाऊंचा तोरा तसूभर कमी झाला नाही. मला मात्र हा माणूस स्पर्धेच्या धास्तीनं चळलाय अशी शंका येऊ लागली.

एके दिवशी मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून काकूंना तसं बोललो. काकूंनी फोडणी घातली, वर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमी खेयता, पन पाहत नाही, बाबू. कॅट कवा बाद होते? मास्तर चुकले का मंगच."

मी एकेक डाव आठवून पाहिला. खरंच, प्रत्येक वेळी तसंच झालं होतं.

"मोतीबिंदू हाये त्याइले," काकू म्हणाल्या. "वर्ष झालं. इस्पिक आन् किलवर, दोनी कायेच दिसते त्याइले. ह्याइनं एकडाव म्हटलं, चला डाक्टरकडे. तर मास्तर आठ दिवस आलेच नाही आपल्या घरी. त्याइच्या मोठ्या भावाचा डोया आपरेशनमंदी गेला नं. भेव बसलं हाये. बोलत नाही, पन हाये."

"मग भाऊ दुसरा भिडू का घेत नाहीत?"

काकूंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला साताऱ्याला परत जावंसं वाटलं. "असं त्याइच्यासमोर बोलू नका गा," एवढंच त्या म्हणाल्या.

शेवटी स्पर्धेच्या आदल्या दिवशी वामनभाऊंनी कॅट निवडला. बाजारात लहान मुलांसाठी विकतात तसला. जाड, ओबडधोबड पानं, वर हाताच्या पंजाएवढे आकडे. इस्पिक वडाच्या पानासारखं आणि किलवरचे तीन गोळे वेगळे वेगळे. हुंगल्यावर त्याला सरसाचा वास येत होता आणि पान वाकवल्यावर 'टर्र' नाही, 'फस' नाही, काहीच आवाज येत नव्हता.

"हा कॅट गरीब हाये," वामनभाऊंनी जाहीर केलं. "पन इमानदार हाये. यानंच जिंकू. लिहून घ्या."

क्लबात त्या कॅटला बघून लोक खदखदून हसले. कुणी विचारलं, पौनीकर, शाळेत नाव घातलं काय? वामनभाऊ छाती काढून म्हणाले, "बाजार आपल्याले विचारून उघडते." समोरच्या जोड्यांना इतकी गंमत वाटली की त्या नाणं न उडवताच म्हणत, खेळा हो तुमच्याच खेळण्यानं. आणि हरत. मास्तर त्या मोठमोठ्या पानांनी असे खेळले की बघत राहावं. नेमकी दश्शी नेमक्या हाताला. दोन दिवसांत आमची जोडी अंतिम सामन्यात पोचली.

समोर अकोल्याचे दोन वकील होते. त्यांनी नियमावर बोट ठेवलं. नाणं उडालं आणि कौल त्यांच्या बाजूनं पडला. त्यांचा कॅट नवाकोरा, गुळगुळीत, कुणी नातेवाइकानं विलायतेहून आणलेला. पानं नखासारखी पातळ आणि चिन्हं मुगाच्या दाण्याएवढी. मी वामनभाऊंच्या पाठीमागे उभा होतो. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्यांची मान ताठ झाली.

तीन डावांचा सामना. पहिला आम्ही घेतला, दुसरा वकिलांनी. मास्तर पान डोळ्यांजवळ नेऊन बघत होते, घामेजले होते, पण सावरत होते. तिसऱ्या डावात दोन दश्श्या आमच्याकडे आल्या, एक त्यांच्याकडे गेली. एक उरली होती. ढाल टेबलावर समोरच ठेवलेली होती.

वकिलानं इस्पिक टाकलं. मास्तरांनी ठामपणे, रंगाला रंग देणाऱ्या माणसाच्या ठसक्यानं, पान ठेवलं. किलवरची सत्ती.

दुसऱ्या वकिलानं इस्पिक दिलं. आता वामनभाऊंची पाळी. त्यांच्या हातात इस्पिकचा एक्का होता, मला स्वच्छ दिसत होता. तो टाकला की हा हात त्यांचा. पण मास्तरांकडे इस्पिक उरलंय हे त्यांच्या मनातल्या मांडणीत होतंच; पुढं दोन-तीन हातांत ते खाली पडणार होतं आणि भरल्या हॉलसमोर सगळ्यांना कळणार होतं. वामनभाऊंची बोटं एक्क्यावर गेली, थांबली, आणि त्यांनी शेजारची बदामाची दुरी काढून टेबलावर आपटली.

लगेच कपाळावर हात मारून ते ओरडले, "अरे! इस्पिक होतं नं माह्यापाशी!" आणि हातातली सगळी पानं उताणी टाकली. "गेला डाव. चुकलो आपण. ढाल तुमची, वकीलसाहेब."

हॉलमध्ये हशा पिकला. तीस वर्षं न चुकलेला माणूस इतकी पोरकट चूक करतो म्हणजे काय! मास्तरांनीही आपली पानं खाली ठेवली, त्यांत मला इस्पिकची नश्शी दिसली. वामनभाऊंनी ती सगळ्यात आधी ओढून घेतली, सगळा कॅट गोळा केला आणि इतका पिसला की पंचांनाच म्हणावं लागलं, अहो पुरे. लोक हसत होते आणि ते स्वतःही हसत होते. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही. आणि रडूही येत होतं.

परत येताना ते दोघं सायकलरिक्षात आणि मी शेजारून सायकलवर. लोखंडी पुलाशी रिक्षा मंदावली. मग मास्तर म्हणाले, "वामनभाऊ, राग नका मानू. मले बऱ्याच दिवसांपासून शंका येऊन राहिली. तुमचे डोये गेले गा."

"हो जी, मास्तर," वामनभाऊ म्हणाले. "दिसत नाही बराबर."

"मंग डाक्टरकडे काहून जात नाही?"

"भेव वाटते."

मास्तर त्यांच्याकडे वळले. मग त्यांनी वामनभाऊंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "भेऊ नका. मी येतो संगं. तुमाले एकटं वाटू नये म्हनून माह्ये बी दाखवून घेतो."

सोमवारी दोघं गेले. महिन्याभरात मास्तरांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते चांगलं झालं. वामनभाऊंचे डोळे डॉक्टरांनी त्या दिवशी पुन्हा तपासले, तेव्हाही त्यात दोष काही निघाला नाही. पण मास्तर पट्टी बांधून बाहेर बाकावर बसले होते, आणि त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं की भाऊंना चष्मा केव्हा मिळणार.

तेव्हापासून वामनभाऊ काळ्या फ्रेमचा चष्मा लावू लागले. मिरची पारखताना तो कपाळावर सरकवत आणि मास्तर आले की चटकन नाकावर घेत. नागपुरातून माझी बदली झाली त्या दिवशी त्यांनी तो पुसायला म्हणून माझ्या हातात दिला. मी त्यातून खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या दुकानाची पाटी नुसत्या डोळ्यांना दिसत होती तशीच दिसली. काचेला नंबरच नव्हता.