तान्ह्या पोळ्याची मोटार

"हलवून पाहा, हिरालालजी. चाकात केसभर प्ले निघाला तर मिशी उतरवतो."

पीडब्ल्यूडीतून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेल्या चिंतामणरावांनी ही पैज मध्य प्रदेशातल्या बालाघाटात इतक्या जणांशी लावली होती, की ओळखीचे लोक त्यांच्या घरापुढून सायकल जोरात मारू लागले होते. हिरालाल शेजारीच राहायचे, त्यांना सुटका नव्हती. त्यांनी चाक धरून हलवलं. चाक हललं नाही, मिशी वाचली, आणि हिरालाल चहा न घेताच पळाले.

मोटार जर्मनीची. रेडिओवर दुरून चालवायची, पण तिला खेळणं म्हणायची सोय नाही. पेट्रोलचं इंजिन, आणि वजन भरल्या घागरीएवढं! ती नंदकिशोरची, म्हणजे चिंतामणरावांच्या एकुलत्या एका मुलाची. तो तिकडे कारखान्यात होता आणि सुट्टीत ही मोटार खाचखळग्यांतून उडवायचा. "बाबा, पुढची चाकं लय खडखड करून राह्यली. जोड झिजले. पोळ्याले येतो, तवा आपण दोघं मिळून बसवू," असं तो ट्रंककॉलवर म्हणाला होता. पोळ्याच्या आधीच तो तिकडच्या एका रस्त्यावर अपघातात गेला. तो पोळा उलटल्यावर त्याचं सामान खोक्यांतून आलं, त्यात ही होती.

सुनीतीबाई खोक्यापाशी बसून रडल्या. चिंतामणरावांना रडता येईना, म्हणून त्यांनी पाना हातात घेतला.

चाकांना धरणारे हात ज्या खिळ्यांवर हलतात, त्या खिळ्या झिजून बारीक झाल्या होत्या आणि त्यांची भोकं लांबट. चिंतामणरावांनी भोकांत पितळी बुश ठोकले, नव्या पोलादी खिळ्या घातल्या, उरलेली फट पातळ वायसरांनी भरली. हात सोडला की आपल्या वजनाने खाली यावा, पण आडवा हलता कामा नये, असा त्यांचा कायदा. जोडांवर सायकलच्या ट्यूबचे काळे मोजे चढवले. तेल-ग्रीसचं तर नाव काढायचं नाही. "उघड्या जोडाले चिकट लावलं की धूळ बसते, अन् मग थे कानशीसारखी घासते," हे त्यांनी सुनीतीबाईंना, दूधवाल्याला आणि एका तेरवीच्या पंगतीत भटजींनाही ऐकवलं. भटजींनी जिलेबी अर्धी टाकून हात धुतला म्हणतात.

आता एकच राहिलं होतं. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून मैदानात आणतात. नंदूचा लहानपणीचा लाकडी नंदी मोटारीवर बांधायचा आणि मोटार मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, खडखड न करता न्यायची. पोराचं राहिलेलं काम बापाच्या हातून पुरं व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या दिवशी मैदानावर चिखल होऊ नये म्हणून कमिटीने दगडाची बारीक चुरी टाकली होती. बैलांची रांग लागली. चिंतामणरावांनी इंजिन सुरू केलं, लोकांनी कान झाकले, आणि मोटार निघाली. अर्ध्या मैदानापर्यंत दृष्ट लागावी अशी सरळ गेली!

मग डावीकडे वळली. चिंतामणरावांनी हातातल्या रेडिओच्या डब्यावरची कांडी उजवीकडे ओढली, तरी ती डावीकडेच. बैलांच्या रांगेत शिरली, दोन नंदी आडवे केले, तोरण गळ्यात घेतलं आणि बक्षिसांच्या टेबलाखाली घुसली. स्टीलचे गिलास गडगडले. कमिटीचे अध्यक्ष गोपाळकृष्णजी खुर्चीवर चढले आणि "अरे पकडो, पकडो" म्हणत तिथेच उभे राहिले. खांबाला धडकून मोटार थांबली.

चिंतामणराव धापा टाकत गुडघ्यावर बसले. काळे मोजे गायब. पुढच्या जोडांवर पिवळा लगदा, त्यात चुरी गच्च बसलेली. चाकं डावीकडे वळली ती तिथेच अडकली होती. नंदूच्या ढिल्या जोडांतून ही चुरी कधीच खाली पडून गेली असती. केसभरही प्ले न ठेवलेल्या जोडांत तिला जायला जागाच नव्हती.

"हे हळद-लोणी कोणं लावलं?"

"मीनं," मागून सुनीतीबाई म्हणाल्या. "काल सांजच्याले खांदे शेकले त्याचे. सणाच्या आदल्या सांजेले बैलाचे नाही शेकत का?"

"अन् मोजे?"

"सणाच्या दिवशी काळं कशाले अंगावर? काढून ठेवले."

चिंतामणरावांनी रागवायला तोंड उघडलं.

"बैलाले देतात तसं आवतनबी देलं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये. तो येतो म्हणला होता ना पोळ्याले."

बाई दोन पोळे थांबली होती, आणि आपण या घरात वायसर मोजत बसलो, हे चिंतामणरावांना तिथे चुरीत बसल्या बसल्या कळलं.

तेवढ्यात भोंगा खरखरला. मोडतोड झाली तरी कमिटीला बक्षिसं वाटून घरी जायचं होतं. "नंदकिशोर चिंतामण! बच्चा नंदकिशोर, स्टेज के पास आ जाए."

नाव सुनीतीबाईंनीच लिहून दिलं होतं. त्या खाली बघत होत्या. हिरालाल भोंग्यावाल्याला हाताने नाही-नाही करू लागले.

"नंदकिशोर आया है क्या?"

"हौ," चिंतामणराव उठत म्हणाले. "आला."

पोचा पडलेला एक गिलास आणि बुंदीची पुडी मिळाली. घरी सुनीतीबाईंनी नंदूचं पान मांडलं आणि बुंदी त्यावर वाढली. चिंतामणरावांनी मोटार धुतली, पुढच्या जोडांतलं एकेक वायसर काढून टाकलं आणि चाक हलवलं. खडखड झाली. स्वयंपाकघरातून सुनीतीबाई बाहेर आल्या.

"पाहा," ते म्हणाले, "येऊन राह्यला आवाज."

मग बऱ्याच उशिराने, डोळे पुसत, त्यांनी मिशी उतरवायला वस्तरा मागितला.