पुलावरची रुख्मिणीबाई

“वर्गणी गणपतीला देतात, देवीला देतात. गेमला वर्गणी देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहून राहिले,” पुजा नवऱ्याला म्हणाली आणि तिने भाजीची कढई ओट्यावर अशी आदळली की सुदामने आपोआप मान खाली घातली.

“अगं, साधा गेम न्हाई तो,” सुदाम म्हणाला.

“मंग काय सोन्याचा हाय?”

सुदाम राठोडचं कळमनुरीत फ्लेक्स छापायचं दुकान होतं. वाढदिवस, निवड, उद्घाटन, श्रद्धांजली अशा सगळ्या प्रसंगांना लागणारे हसरे चेहरे तो दिवसभर छापत असे. जीव मात्र त्याचा कॉलेजच्या दिवसांत अडकला होता. हिंगोलीला कॉम्प्युटरच्या क्लासला असताना त्याला, मोहनसिंगला आणि शिवकन्येला एका जुन्या गेमचं वेड लागलं होतं. सहा सोबती घ्यायचे, जंगलं, गुहा, पडके किल्ले तुडवत जायचं, राक्षसांशी आळीपाळीने लढायचं आणि वाटेत भेटेल त्याचं बोलणं पुस्तकासारखं वाचत बसायचं. पुढे मोहनसिंगने वारंगा फाट्यावर गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान टाकलं, शिवकन्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली, आणि तसले गेम निघायचे बंद झाले. अशात परदेशातल्या चार-पाच पोरांनी जाहीर केलं की आम्ही अगदी त्याच जुन्या पद्धतीचा गेम बनवतो, पण भांडवल कुणी देत नाही, तेव्हा जगभरच्या शौकिनांनीच वर्गणी काढावी. तिघांनी मिळून काढली.

तेव्हापासून दर रविवारी मोहनसिंगच्या दुकानाशेजारच्या हॉटेलात तिघांची बैठक बसे. गेम कसा असावा यावर तिथे चर्चा कमी आणि संताप जास्त चाले.

“आजकालचे गेम म्हंजे बोट धरून लेकराला शाळंत सोडल्यासारखे,” सुदाम टेबलावर थाप मारून म्हणायचा. “इकडं वळ, तिकडं जा, बाण दाखवून राहिले. माणसाला हरवू द्या की जरा! मरू द्या!”

“घोडे पाहिजेत,” मोहनसिंग म्हणायचा. “घोडे न्हाई दिले तर मी वर्गणी वापस मागतो.”

“घोड्याचं काय घेऊन बसला?” शिवकन्या भडकायची. “सोबत्यांचं आपसात भांडण झालं पाहिजे. आपण चुकीचं वागलो की ते सोडून गेले पाहिजेत. नुसते मुंडी हलवत मागं येणारे सोबती काय कामाचे?”

हॉटेलवाला चहा ठेवून लांब उभा राहायचा. या तिघांची कुणाशी तरी कोर्टात केस चालू आहे अशी त्याची पक्की समजूत होती.

तर त्या दिवशी पुजाचा राग शांत करण्यासाठी सुदामने खिशातला शेवटचा हुकमी पत्ता टाकला. जास्त वर्गणी देणाऱ्यांना गेममधल्या एका माणसाला आपल्या पसंतीचं नाव देता येणार होतं.

“मी तुझ्या याडीचं नाव देणार हाय,” तो म्हणाला.

पुजाचा हात थांबला. याडी म्हणजे तिची आई, रुख्मिणीबाई. साखऱ्याजवळच्या तांड्यावर राहणारी. नवरा गेल्यावर एकटीने शेत कसलेली, पोरांची लग्नं केलेली. “खरं?” पुजाने विचारलं.

“अख्ख्या दुनियात दिसन.”

मोहनसिंगला आपल्या मेलेल्या कुत्र्याचं नाव द्यायचं होतं. त्याची समजूत घालता घालता सुदामचा एक रविवार गेला. शेवटी सुदामने सासूबाईंचं वर्णन मोबाइलमध्ये मराठीत बोलून टाकलं, मोबाइलने त्याचं इंग्रजी केलं आणि ते तसंच परदेशी रवाना झालं. वास्तविक इंग्रजी शिवकन्येने तपासायचं होतं, पण ती शाळेच्या प्रशिक्षणाला गेली होती.

इकडे तांड्यावर बातमी पोचायला वेळ लागला नाही. विलायतेत रुख्मिणीबाईचं नाव लागणार. कुणी म्हणालं, पुतळा बसणार. तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, खेमा हे रुख्मिणीबाईंचे दीर. त्यांनी तोंडाने कौतुक केलं, पण त्या दिवसापासून ते वहिनीच्या घरावरून जाताना थोडे जोरात खाकरू लागले.

गेमची चाचणी आवृत्ती वर्गणीदारांसाठी आली, तेव्हा सुदामला ती आधी एकट्याने पाहायची होती. पण तिघांनी एकत्रच पाहायची अशी शपथ होती आणि पुजाने तोवर तांड्याला फोन केलेला होता. रविवारी दुपारी सुदामच्या दारात जीप थांबली. इरकली नेसलेल्या रुख्मिणीबाई उतरल्या, मागून फेटा बांधलेले खेमा नाईक, त्यांच्या मागून चार बाया. मोहनसिंग आणि शिवकन्या आधीच टीव्हीसमोर बसले होते. पुजाने सगळ्यांना पोहे दिले.

गेम सुरू झाला. वरून दिसणारं जंगल, हळू वाजणारी बासरी, पिवळट कागदावर उमटणारी अक्षरं. सुदाम टीव्हीच्या आणखी जवळ सरकला. “बाण न्हाई,” तो पुटपुटला. “बघा, कुठंच बाण न्हाई.”

“घोडे बी न्हाईत,” मोहनसिंग म्हणाला.

“माझं नाव कुठं हाय?” रुख्मिणीबाईंनी विचारलं.

सहा सोबती चालत चालत एका दगडी पुलापाशी आले. पुलावर काहीतरी हललं. हिरवं अंग, ओठांतून वर आलेले दोन सुळे, ढेरीवर हाडांची माळ, शेजारी उकळती कढई. आणि त्याच्या डोक्यावर स्वच्छ इंग्रजी अक्षरांत नाव. पुजाने एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं, “रु... ख्मि... णी...” आणि तिचा आवाज विहिरीत पडला.

कंट्रोलर मोहनसिंगच्या हातात होता. राक्षस दिसला की मारायचा, एवढंच त्याला कॉलेजपासून माहीत. त्याने योद्धा पुढे घातला आणि कुऱ्हाडीचा एक घाव चालवला. हिरवं अंग धाडकन पुलावरून खाली नदीत गेलं.

“मेली!” मोहनसिंग आनंदाने ओरडला आणि मग वळून त्याने खोलीतल्या माणसांकडे पाहिलं.

कुणी पोह्याचा घास गिळेना. पहिले उठले ते खेमा नाईक.

“आमच्या वहिनीला राक्षसीण केलं? अन् वरून तिच्या डोळ्यांदेखत मारलं? जावयानं वर्गणी देऊन मारलं?”

“काका, मी असं न्हाई लिहिलं हो! मी चांगलं लिहिलं होतं!”

“काय चांगलं लिहिलं?” पुजाचे डोळे भरून आले होते. “वाचून दाखवा, सगळ्यांसमोर.”

सुदामने मोबाइल काढला. तो वाचू लागला. “माझी सासू लई खमकी हाय. अख्खा तांडा तिला वचकून असतो. वाटेनं जाणारा कुणीबी असो, जेवल्याबगर ती त्याला सोडत न्हाई.”

बायांनी माना डोलावल्या. यात खोटं काहीच नव्हतं. मग शिवकन्येने त्याचं इंग्रजी वाचलं आणि कपाळाला हात लावला.

“सुदाम, तुझ्या मोबाइलनं घोळ केलाय. कोण कुणाला जेवू घालतं तेच त्यात कळत न्हाई. या इंग्रजीवरून वाटतं, बाई वाटसराला खाल्ल्याशिवाय सोडत न्हाई.”

“त्या पोरांना अक्कल न्हाई का?” सुदाम आता स्वतःच पेटला. “माणूस विचारतो की एकदा! इतक्या वर्सांनी मनासारखा गेम निघाला, मी नीट पाहिलाबी न्हाई अन् सगळे माझ्यावरच आले!”

“गेम गेला चुलीत!” पुजा म्हणाली.

“ही तांड्याची बेअब्रू हाय,” खेमा नाईक म्हणाले. “बैठक बसवावी लागन. जावयाला तिथं येऊन हात जोडावे लागतीन.”

मोहनसिंग कंट्रोलर पाठीमागे लपवून म्हणाला, “मी तर निस्तं बटण दाबलं.”

या सगळ्या गदारोळाकडे रुख्मिणीबाईंचं लक्षच नव्हतं. त्या टीव्हीकडे टक लावून पाहत होत्या. नदीचं पाणी अजून वाहत होतं. शेवटी त्यांनी हात वर केला आणि खोली गप्प झाली.

“किती फटके मारले?”

“काय, याडी?” सुदामने विचारलं.

“मला. किती फटक्यांत पाडलं?”

“एक,” मोहनसिंग हळूच म्हणाला.

“एक.” रुख्मिणीबाईंनी त्याला चपलेपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “हे पोरगं. एका फटक्यात. मला.”

“मावशी, मी न्हाई, माझा योद्धा...”

“राक्षसीण केलं ते केलं,” रुख्मिणीबाईंचा आवाज चढला. “सुळे दिले, ढेरी दिली, समदं मान्य. पण रुख्मिणीबाई नावाची बाई एका फटक्यात पडते? विहिरीत पडलेली म्हैस मी दोरानं वर वढली! लांडगा शेळ्यात घुसला तवा निस्त्या काठीनं हाकलला! मालक गेले तवा शेत बळकावायला आलेले सात जण बांधावरून वापस लावले! खेमाभाऊ, तुमी व्हता का न्हाई तिथं?”

खेमा नाईक त्या सात जणांतले एक होते. ते पोह्याच्या बशीकडे पाहत म्हणाले, “ते जुनं झालं आता.”

“जावईबापू, लिहा त्यांना,” रुख्मिणीबाईंनी फर्मान सोडलं. “म्हणावं, बाईची ताकद बराबर न्हाई दाखवली.”

“हे मीबी म्हणून राहिले,” शिवकन्या पुढे सरकली. “पुलावरची राक्षसीण एका घावात मरते म्हंजे काय? ही काय लढाई झाली?”

या खेपेला इंग्रजी शिवकन्येने लिहिलं. म्हैस, लांडगा, बांधावरचे लोक, सगळं तपशिलात. परदेशातल्या पोरांचं उत्तर लगेच आलं. त्यांनी मनापासून माफी मागितली होती. चेहरा बदलून सात्त्विक बाई करून देऊ का, असंही विचारलं होतं.

“सुळे राहू द्या,” रुख्मिणीबाई फोनवर म्हणाल्या.

नवी आवृत्ती आली आणि जगभरात बोंब उठली. पूल कुणालाच ओलांडता येईना. हिरवी रुख्मिणीबाई आता लांडगा फेकून मारत होती, दोराने योद्धे ओढून आपटत होती आणि अंगावर सगळे मिळून चालून गेले तर जास्तच चवताळत होती. शौकिनांच्या चर्चेच्या पानावर शिव्यांचा पाऊस पडला. ही बाई कोण आहे? हिला कुणी मागितलं? एकाने लिहिलं होतं, मी आठवडाभर पुलाच्या अलीकडेच बसलो आहे.

सुदामचेही सहाच्या सहा सोबती रोज संध्याकाळी मरत होते. पुजा शेजारी शेंगा फोडत बसून पाहायची आणि कधी नव्हे ती म्हणायची, “आजून एकदा खेळा की.”

“इतकं अवघड असतंय का कुठं?” रविवारी सुदाम हॉटेलात तावातावाने म्हणाला. “पुढचा सगळा गेम पडलाय तसाच! किल्ला हाय, अजगर हाय, मला काहीच दिसून न्हाई राहिलं!”

“मंग लिही त्यांना, सासूची ताकद कमी करा म्हणून,” शिवकन्या म्हणाली.

सुदामने चहा संपवला आणि तो विषय तिथेच सोडला.

पुढे पुजाच्या भावाच्या लेकीचं बारसं निघालं आणि त्याला तांड्यावर जावंच लागलं. बैठकीत हात जोडावे लागणार या धास्तीने तो जीपमधून उतरला. पण रुख्मिणीबाईंनी त्याला मानाच्या जागी बसवलं आणि पाहुण्यांना सांगितलं, “आमचे जावई. यांच्यामुळं गोऱ्या लोकांना माझा धाक बसला.” खेमा नाईक मात्र घुश्शातच होते. जेवणं झाल्यावर त्यांनी सुदामला खुणेने गोठ्यामागे बोलावलं.

नाईकांनी इकडेतिकडे पाहिलं. “त्या गेमात आजून जागा हाय का?”

“कशाची, काका?”

“नावाची.”

सुदाम गडबडला. “चांगल्या जागा भरल्या हो सगळ्या. एकच राहिली म्हणे. पण ती तुमाला सांगायलाबी लाज वाटते.”

“सांग की.”

“गाढव हाय. सोबत्यांचं सामान वाहणारं.”

नाईकांचा चेहरा रागाने लाल झाला. फेट्याचं टोक थरथरलं. सुदाम दोन पावलं मागे सरकला. मग नाईकांनी घसा साफ केला.

“ते मरतं का?”

“न्हाई. सामान त्याच्याकडं असतं, म्हणून त्याला कुणी मारू शकत न्हाई.”

“वहिनीबी न्हाई?”

“त्याबी न्हाई.”

खेमा नाईकांनी मिशीवरून हात फिरवला. “मंग टाक,” ते म्हणाले. “पण नाईक म्हणून टाक. निस्तं खेमा नको.”