पंख्याच्या बदल्यात दुभाषा

अण्णा महाजनांनी मला फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो. पुढे वाचताना कोणाला अण्णांचं कौतुक वाटायला लागलं, तर त्याने परत वर यावं आणि ही ओळ वाचावी.

मी रमेश. शनवारा बाजारात माझं जुन्या मशिनींचं दुकान आहे. मला कोणी दुकान दिलं नाही, हातगाडीसुद्धा दिली नाही. जे आहे ते तोंडाच्या जोरावर उभं केलंय. मोटर असो, पंप असो, समोरचा कुठे येऊन थांबणार हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. माझा आवाज जरा चढा आहे. गिऱ्हाईकं म्हणतात, रमेशभाऊ भाव सांगतात की दम देतात, तेच समजत नाही. अशा माणसाला एका रिटायर मास्तराने भरदिवसा, माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून टोपी घातली.

झालं असं. इंदूरचा एक रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद पडला आणि त्याचा सगळा पसारा मी उचलून आणला. स्टँड, माइक, वायरींची भेंडोळी. त्यात एक काळा डबा होता. चपटा, वजनदार, दोन्ही बाजूंना स्क्रू मारायचे कान. मागे तीन भोकांची गोल सॉकेटं. पुढे ना बटण धड, ना स्पीकर. अण्णा आमच्या गल्लीतलेच, शाळेत विज्ञान शिकवायचे. ते आले, डबा उचलून पाहिला आणि म्हणाले, "रमेश, हा घेऊन जाऊ का? लोणच्याच्या बरणीवर वजन ठेवायला बरा आहे."

"अण्णा, फुकट नाही मिळणार."

"मग घरचा पंखा देतो. छताचा आहे, चालू आहे."

मी ताणून धरलं. पंख्यासोबत रेग्युलेटर मागितला. अण्णा कुरकुरले, "लूट आहे ही सरासर," म्हणाले, दोनदा पायरी उतरून परत आले. शेवटी रेग्युलेटरही दिला. त्या संध्याकाळी मी खुशीत होतो.

मग इंदूरहून एक माणूस गाडी घेऊन आला आणि नेमका तोच डबा मागायला लागला. त्याने जी किंमत सांगितली ती मी इथे लिहीत नाही. लिहिली की माझं पोट दुखतं.

मी तसाच अण्णांच्या घरी गेलो. उन्हाळ्याची दुपार, घामाने सदरा अंगाला चिकटलेला. खोलीत अण्णा बनियनवर बसलेले, आणि छताला नुसता हूक.

"अण्णा! हा एकच पंखा होता तुमच्या खोलीत?"

"काढायचाच होता. फार आवाज करायचा."

म्हणजे जी वस्तू त्यांना नकोच होती, ती देऊन त्यांनी माझा माल नेला होता. आणि वर रेग्युलेटरसाठी रडून दाखवलं होतं!

लोणच्याची बरणी कुठेच नव्हती. डबा लाकडी फळीवर ऐटीत बसलेला. एका बाजूला सीडी प्लेअर, दुसऱ्या बाजूला जुना ॲम्प्लिफायर, कोपऱ्यांत दोन उंच स्पीकर. अण्णांनी मला बसवलं आणि वर्ग घेतला. "चकतीवर गाणं नसतं, रमेश. आकडे असतात. आकड्यांचा आवाज करतो तो हा. दुभाषा आहे. घरोघरच्या मशिनीत पण असतो एक छोटा, पण तो लबाड. जे ऐकू येत नाही तिथे गोड करून पदरचं घालतो. हा स्टुडिओतला. हा इमानदार. आहे तेवढंच सांगतो."

'पदरचं घालू नकोस' हे अण्णांचं पेटंट वाक्य. दूधवाल्याला म्हणतात, भाषणं करणाऱ्यांना म्हणतात. त्यांच्या पुतण्याचा मुलगा एकदा म्हणाला, "आजोबा, आता फोनमध्येच सब कुछ आता है. रेडिओ, टेप, टीव्ही, सगळं एकत्र." अण्णा म्हणाले, "म्हणूनच त्यातून काही येत नाही."

हा इमानदार दुभाषा दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलला, तो दिवस गल्ली विसरलेली नाही. स्टुडिओचं मशीन मुळात जोरात बोलतं, आणि घरच्या ॲम्प्लिफायरला दबक्या बोलण्याची सवय. अण्णांनी तसंच जोडून टाकलं. गवयाने 'सा' लावला आणि समोरच्या लताताई हातात लाटणं घेऊन रस्त्यावर आल्या. "अण्णा, काय लगावून ठेवलंय हे! माझ्या मांडणीवरचे डबे नाचून राहिले!" अण्णा खुर्चीत डोळे मिटून, गालातल्या गालात हसत बसलेले. लताताईंनी खांदा हलवला तेव्हा कुठे उठले. आम्ही म्हटलं, मास्तर सनकी, रंगले असतील. मग टीव्हीवाल्या सलीमभाईने मधल्या वायरीत काहीतरी जोडून त्या आवाजाला लगाम घातला.

असो. त्या दुपारी मी म्हणालो, "डबा परत द्या."

"देतो," अण्णा शांतपणे म्हणाले. "पण मालात खोट असेल तर. दर शुक्रवारी ये, ऐक. ज्या दिवशी खोट दाखवशील, त्या दिवशी उचलून ने."

शुक्रवारच का, तर आमच्या गल्लीमागे पॉवरलूमचे माग आहेत. सहा दिवस खटखट चालते, शुक्रवारी बंद. पण माग बंद म्हणून कारागीर बाजारात येतात आणि तीच माझ्या दुकानाची खरी दुपार. तरी मी गेलो. मालात खोट काढणं हा माझा धंदा आहे, हे आव्हान सोडतो की काय!

पहिल्याच शुक्रवारी मी म्हणालो, "तबलेवाल्याची एक बाजू बसकी वाजतेय."

"कशी बसकी? नीट सांग. पदरचं घालू नकोस."

"ओल्या पोत्यावर मूठ मारावी तशी. आणि मागे ती तार आहे ना, ती एकसारखी नाही. मोटर गरम झाली की घुमते तशी घुमतेय."

अण्णा पुढे सरकले. "तानपुरा! घुमतोय? अजून घुमतोय? आणि गवई श्वास घेतो ते येतं का?"

"येतं. दम्याची सुरुवात आहे त्याला."

अण्णा पोट धरून हसले. मला वाटायचं, मास्तर माझी परीक्षा घेतायत. मी इरेला पेटलो. हार्मोनियमचा भाता कुठे फाटलाय, कोण मागे खोकलं, सारंगी कधी रुसली, सगळं बोंबलून सांगायचो. अण्णांचं म्हणणं, ही गाणाऱ्यांची खोट, डब्याची नाही. पुढच्या शुक्रवारी ये. असे किती शुक्रवार गेले, मोजले नाहीत. दुकानाला कुलूप लावून मी पंखा नसलेल्या खोलीत घाम पुसत मारवा ऐकायचो आणि भांडायचो.

मग ईदच्या आधीचा शुक्रवार आला. मालाची घाई होती, म्हणून त्या दिवशी सगळे माग चालू होते. भिंत थरथरत होती. दारातच मला स्वतःचा आवाज ऐकू येईना.

अण्णा खुर्चीत होते. सीडी फिरत होती. मला बघून म्हणाले, "ये. शुक्रवार मला म्हणूनच आवडतो. कसं शांत आहे बघ."

मी त्या थरथरत्या भिंतीकडे बघत समोर जाऊन बसलो.

"सांग, आज काय म्हणतोय?"

मला मागांच्या खटखटीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्या मालाबद्दल गोड बोललो. "तानपुरा मस्त घुमतोय, अण्णा. मारवा लागलाय. गवयाचा दमासुद्धा आज बरा आहे."

अण्णा माझ्या ओठांकडे बघत होते. "आज मारवा नाही लावला," ते म्हणाले. "आज नुसती बासरी आहे." मग उठले, भिंतीला हाताचा पंजा लावून उभे राहिले. त्यांना थरथर लागली. "माग चालू आहेत होय."

"कधीपासून, अण्णा?" मी ओरडलो.

"आधी तानपुरा गेला. मग माणसांचं बोलणं. कानाचं मशीन लावून पाहिलं, त्यातून गाणं डब्यात खडे हलवल्यासारखं येतं. म्हटलं, खरा दुभाषा आणला तर निदान थोडं कळेल." त्यांनी डब्याकडे पाहिलं. "तो इमानदारच आहे. माझ्यापर्यंत पोचत नाही, त्याला तो काय करणार? तुझं तेवढं पोचतं. तू ओरडतोस."

"मग पंखा? तुम्हाला तर त्याचा आवाज येतच नव्हता!"

"जो ऐकायला बसेल त्याला आला असता ना. कोणीतरी आणायचंच होतं, रमेश. गल्लीत सगळे गोड बोलतात. तुझा माल नेला तर तू भांडायला येणार, हे ठाऊक होतं."

म्हणजे छताचा पंखा उतरवला तेव्हाच त्या खोलीतली माझी जागा ठरलेली होती. आणि मी मूर्ख रेग्युलेटर ताणत बसलो होतो.

इंदूरच्या माणसाचा परवा पुन्हा फोन आला. मी म्हणालो, "माल विकला. परत फोन केलास तर बघ." पंखा अजून माझ्या दुकानात आहे. परत लावून देतो म्हटलं, तर अण्णा लावू देत नाहीत. म्हणतात, तुझ्या ऐकण्यात व्यत्यय येईल.

पण मी हे सोडणार नाही. डबा गेला, शुक्रवार गेले, आणि आता तानपुरा मला इतर दिवशीही ऐकावासा वाटतो. वाटेल ती मोटर उघडली की तिच्यात तो शोधतो. याचा जाब कोणीतरी द्यायला पाहिजे. मी अण्णांना विचारलं, तर हात कानाला लावून म्हणतात, "ऐकू नाही आलं." सोयीने बहिरे होतात!

येत्या शुक्रवारी मी पुन्हा विचारणार आहे, समोर बसून, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी विचारीन. आणि जाब मिळाल्याशिवाय अण्णांनी ती खुर्ची सोडून कुठेही जायचं नाही. सांगून ठेवतोय. बोला अण्णा, मला असं का फसवलंत?