आल्याचा चहा, नंबर दोन

शेखमामांसमोर "एक चहा" म्हणायची सोय नाही. नंबर बोलायचा.

शिरूरच्या एसटी स्टँडजवळ सुमनताईंची टपरी आहे. तिथं आम्ही चार रिटायर माणसं सकाळी जमतो. मामा जन्मभर कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. रिटायर झाल्यावर लेकीकडून पायथन शिकले. ही कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा; तिच्यात मामांनी काय केलं, तर चहाची यादी! आम्ही नंबर बोलायचा, मामा तो लॅपटॉपवर दाबणार, आणि कोणी यादीतली कुठली जागा निवडली हे लॅपटॉप लक्षात ठेवणार. सुमनताईंना आमचे चहा केव्हाच पाठ आहेत, पण मामांनी यादी वाचून दाखवल्याशिवाय त्यांना गाळणी उचलता येत नाही.

मी नवा होतो. यादीत साधा चहा पहिला दिसला, म्हणून "एक" म्हणालो. पुढ्यात काळा, बिनसाखरेचा आला.

"पायथन शून्यापासून मोजतंय, मास्तर. शून्य साधा, एक काळा, दोन आल्याचा, तीन गुळाचा. इनपुट तुमचा चुकला. रिजेक्ट!"

"मग साधा एकवर घ्या की."

"जागा म्हंजी जागा. आज तुमच्यापायी सरकवली, तर उद्या समदेच सरकवा म्हंत्याल."

चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला मी तो कडू चहा मुकाट्यानं प्यायलो. मामांनी पुरा संपवायला लावला.

आमचं झालं की मामा दौंडला फोन लावायचे. धुमाळ आप्पा त्यांचे कारखान्यातले जोडीदार. मशीनवर आप्पा, तपासायला मामा. आप्पा आता दौंडला मुलाकडे असतात आणि त्यांना फारसं काही आठवत नाही. फोन स्पीकरवर असायचा.

"आप्पा, नंबर बोला."

"दोन."

मग तिकडे सूनबाई आल्याचा चहा टाकायच्या. एकदा त्याच म्हणाल्या, "मामा, आम्हाला वळखत न्हाईत आता. पण तुम्ही नंबर इचारला की बोलत्यात बघा."

या यादीचा उपद्व्याप कशासाठी चालला होता, ते मला त्या दिवशी कळलं. माझी मलाच लाज वाटली.

दिवाळीनंतर एका सकाळी आप्पा म्हणाले, "एक."

आम्ही "रिजेक्ट"ची वाट पाहत होतो. मामांचं बोट बटनावर तसंच राहिलं.

"एक म्हंतात, मामा. काळा देऊ का?" सूनबाईंनी विचारलं.

"थांबा. यादी बदललीया." मामांनी भराभर काहीतरी टाइप केलं. "व्हय, एक म्हंजी आल्याचाच. बरोबर, आप्पा. एकदम बरोबर!"

आता मामा आधी दौंडला फोन लावतात. आप्पा जो नंबर बोलतील, त्या जागेवर आल्याचा चहा ठेवतात आणि मग आमच्याकडे वळतात. परवा आप्पा "सतरा" म्हणाले. मामांनी यादी सतरापर्यंत वाढवली. मधल्या जागा रिकाम्याच आहेत.

आम्हाला रोज नवे नंबर पाठ करावे लागतात. काल मी पुन्हा चुकलो आणि काळा चहा आला. मामांनी सांगायच्या आतच मी तो पुरा संपवला.