पुढून पांढरा, मागून करडा

आमच्या रुग्णालयात कुणाच्याही प्रगतीला मनाई नाही. तसा फलकच मुख्य दाराशी लावलेला आहे आणि त्याच्यावरची धूळ रोज पुसली जाते. मी तिथल्या शिवणखोलीत उमेदीची वर्षं घालवली. परिचारिकांचे पांढरे गणवेश आणि मदतनिसांचे करडे गणवेश माझ्याच मशीनवर शिवले गेले. त्यामुळे कोण कुठून कुठे पोचली, हे मला आजही मापांवरून आठवतं.

माझ्या वेळच्या मेट्रन फार कडक होत्या. एखादी मदतनीस हुशार दिसली की तिला व्हरांड्यात थांबवून म्हणायच्या, "उद्यापासून सकाळची पाळी कर आणि दुपारी नर्सिंगच्या वर्गात जाऊन बस. नापास झालीस तर मला तोंड दाखवू नकोस." संपलं. पुढे कधीतरी मला निरोप यायचा, "हिला पांढरा शिव." त्या काळी 'पाठिंबा' अजून निघाला नव्हता. त्यामुळे बऱ्याच जणी परिचारिका झाल्या.

आता काळ सुधारला आहे.

माझी सून त्याच रुग्णालयात मदतनीस. रुग्णांना उठवणं, बसवणं, पुसून घेणं, कूस बदलणं हे तिचं काम. तिला परिचारिका व्हायचं होतं. नर्सिंगची शाळा रुग्णालयाच्या मागच्याच इमारतीत, प्रवेशही तिने स्वतःच्या गुणांवर मिळवलेला. वर्ग दुपारी भरायचे आणि हिची पाळीही दुपारचीच. म्हणून ती प्रशासन अधिकाऱ्यांकडे गेली.

"साहेब, मला फक्त सकाळची पाळी द्या."

साहेब खुर्चीतून उठले. मदतनिसासाठी साहेब उठल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. "ताई, फक्त पाळी?" ते म्हणाले. "अहो, संस्था तुम्हाला संपूर्ण पाठिंबा देणार आहे!"

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा आमच्या चिरंजीवांनी टीव्हीवरची नजर न काढता जाहीर केलं, "माझाही पूर्ण पाठिंबा आहे. जेवायला किती वेळ आहे?"

तर योजना सुरू झाली. आधी समिती नेमली गेली. सुनेचा अभ्यास कसा चालला आहे याचा आढावा समिती घ्यायची, तोही दुपारी, वर्गाच्या वेळेला. कारण इतर वेळी सदस्य कामात असतात. पाळीतून कसाबसा निसटून गाठलेला वर्ग बुडवून ही समितीपुढे उभी राहायची आणि वर्ग कसे चालले आहेत ते सांगायची. सदस्यांना चहा देणारं दुसरं कुणी नसल्यामुळे तोही हीच द्यायची.

शाळेने कळवलं की हिची हजेरी कमी भरते आहे. समितीने गांभीर्याने दखल घेतली आणि हजेरी सुधारण्यासाठी जादा बैठका लावल्या. दुपारी.

"आणि पाळीचं काय म्हणाले?" मी विचारलं.

"विचाराधीन आहे म्हणाले, आई. पण मला मार्गदर्शक दिलाय. हिशेब विभागातले आहेत. रोज दहा मिनिटं मला 'खचू नका' म्हणून सांगतात."

"तू खचली होतीस?"

"त्यांनी सांगायला लागल्यापासून जरा खचल्यासारखं वाटतंय."

तिची एक सोबतीण होती. वॉर्डात तिला सगळे लांबडी म्हणत. लांबडीने स्वतःच तोडगा काढला. "तू जा वर्गाला. तुझी दुपार मी ओढते, माझी सकाळ तू ओढ. आपल्या आपल्यात. कुणाला बोलायचं नाही." असे काही आठवडे बरे गेले. मग समितीच्या लक्षात आलं. सुनेला बोलावून समज देण्यात आली की हा योजनेबाहेरील पाठिंबा आहे आणि त्याने अधिकृत पाठिंब्याचं महत्त्व कमी होतं. पाळ्यांची अदलाबदल बंद झाली.

शेवटी हिने कायमची रात्रपाळी मागून घेतली. रात्रपाळी मागणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही, लगेच देतात. वर्षभर ती झोपली केव्हा, ते मला विचारू नका. मी भाजी निवडायला बसले की ती शेजारी येऊन पुस्तक उघडायची आणि माझे दोन देठ खुडून व्हायच्या आत तिचं डोकं माझ्या खांद्यावर यायचं. चिरंजीव म्हणायचे, "बघ आई, किती कष्ट घेते. मला अभिमान वाटतो हिचा." आणि पाय जरा बाजूला घ्यायचे, म्हणजे तिला केर काढता यायचा.

एवढ्यात योजनेची कीर्ती पसरली. दुसऱ्या रुग्णालयांचे लोक बघायला येऊ लागले. बघायचं तर दिसायला हवं. म्हणून मदतनिसांच्या विश्रांतीच्या खोलीचा अभ्यासकक्ष झाला आणि एका बाजूची भिंत पाडून काच बसवली. मदतनीस जिन्यात डबे खाऊ लागल्या. काचेआड सुनेने पुस्तक उघडून बसायचं आणि पाहुणे आले की मान वर करून हसायचं. चुकून खरोखर वाचायला लागली की साहेब काचेवर बोट वाजवायचे.

मग प्रश्न आला गणवेशाचा. करड्या कपड्यात प्रगती दिसत नव्हती, आणि मदतनिसाने पांढरा घालणं नियमात बसत नव्हतं. समितीने मार्ग काढला आणि मला निवृत्तीतून बोलावणं आलं.

"आजी," साहेब म्हणाले, "एक गणवेश शिवायचा आहे. पुढून पांढरा, मागून करडा."

"म्हणजे?"

"पुढची वाटचाल पांढरी. मागची पार्श्वभूमी करडी. फोटो पुढूनच निघतात."

"पण साहेब, शिवण काखेत येणार. हात वर केला की दिसेल."

साहेबांनी क्षणभर विचार केला. "मग त्यांनी हात वर करू नये."

मी शिवला. पहिल्याच दिवशी वर्गात तिला शंका आली आणि ती विचारता आली नाही. त्याच गणवेशात तिचा फोटो काढून दारावर मोठं चित्र लागलं: 'आजची मदतनीस, उद्याची परिचारिका.' पेशंटचे नातेवाईक त्याच्यापाशी थांबून म्हणायचे, "काय चांगली संस्था आहे!" आणि आत जाऊन हिला हाक मारायचे, "ए मावशी, ते भांडं उचल."

अखेर परीक्षा ठरली. आणि त्याच दिवशी, त्याच वेळेला, रुग्णालयाला पाठिंब्याबद्दल पुरस्कार द्यायला मोठे पाहुणे येणार असल्याचं ठरलं.

सून साहेबांकडे गेली. "साहेब, त्या दिवशी माझा शेवटचा पेपर आहे. हा चुकला तर वर्ष जाईल."

"ताई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. परीक्षा दर वर्षी येते. पाहुणे येतात का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि जरा व्यापक विचार करा. तुम्ही परिचारिका झालात तर योजनेत उरणार कोण? दारावरचं चित्र खोटं नाही का पडणार?"

त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा रडली. मोठ्याने नाही. परातीत पीठ होतं, त्यात हात तसेच ठेवून. "आई, सगळे इतके चांगले वागतायत की कुणाशी भांडू तेच कळत नाही."

मी म्हटलं, "तू पेपरला जा. गणवेश मात्र माझ्याकडे दे."

नर्सिंगच्या शाळेत सरावासाठी एक माणसाएवढी बाहुली आहे. मुली तिला सुया टोचतात, पट्ट्या बांधतात, अंघोळ घालतात. तिला सगळे सोशिकबाई म्हणतात. लेखी परीक्षेच्या दिवशी तिला सुट्टी असते. शाळेच्या बाईंनी ती हसत हसत दिली. लांबडीने चाकांच्या खुर्चीत घालून तिला व्हरांड्यातून आणलं. वाटेत एका डॉक्टरांनी "कसं वाटतंय आता?" म्हणून विचारलं आणि "छान, सुधारणा आहे" म्हणत ते पुढे गेले. गणवेश तिला नीट बसला. मी केस सारखे केले, पुढ्यात पुस्तक ठेवलं आणि दार लावून घेतलं.

पाहुणे आले. काचेतून बघून भारावले. "तुम्हाला संस्थेचा पाठिंबा कसा वाटतो?" त्यांनी विचारलं.

सोशिकबाई काही बोलल्या नाहीत.

"अभ्यासात फार एकाग्र असतात," साहेब म्हणाले.

"आणि किती नम्र!" पाहुणे म्हणाले. मार्गदर्शकांनी डोळे पुसले. टाळ्या वाजल्या, आत जाऊन कुणीतरी पुष्पगुच्छ तिच्या मांडीवर ठेवला, फोटो निघाले. तिने हात वर केला नाही.

सगळे गेल्यावर साहेब परत आले. काचेवर बोट वाजवलं. आत गेले, अगदी जवळून बघितलं. त्यांनी बाहेर येऊन दार हळूच ओढून घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "आजी, ही रोज बसू शकेल?"

सून पास झाली. नोंदणी झाली. रीतसर कागद घेऊन ती परिचारिकेच्या जागेसाठी साहेबांकडे गेली. त्यांनी तोंडभरून अभिनंदन केलं आणि खेदाने सांगितलं की ती जागा योजनेच्या लाभार्थीसाठी राखून ठेवली आहे, आणि लाभार्थी अजून शिकते आहे. त्यांनी काचेकडे बोट केलं. सोशिकबाई वाचत होत्या.

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक लहानसं रुग्णालय आहे. तिथे योजना वगैरे काही नाही. तिथल्या मेट्रननी कागद बघितले आणि विचारलं, "सोमवारी येशील?" आता ती तिथे आहे. पांढरा मीच शिवला, पुढून आणि मागूनही.

जुन्या रुग्णालयात माझं येणं-जाणं असतं. पाहुणे अजून येतात. काचेशी थांबून कौतुकाने मान हलवतात. पुस्तकाचं पान कधीच का उलटलं जात नाही, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

इतकं वाचलंत म्हणजे तुम्हालाही माझ्या सुनेचं कौतुक वाटलं असणार. छान. तुमच्या घरी, कचेरीत कुणीतरी शिकत असेलच, आणि तुमचा तिला पूर्ण पाठिंबाही असेल. तिला एकदा विचारून बघा काय हवंय ते. बहुतेक ती सकाळची पाळीच मागेल. ते काही जमण्यासारखं नसलं, तर तिचं माप तेवढं पाठवा. करडं कापड अजून पुष्कळ शिल्लक आहे.