गजभिये सरांनी जागा धरली आहे

गजभिये सर कुठेही गेले की आधी जागा धरतात. ती कोणासाठी, हे नंतर ठरतं.

सिंगापूरात पासिर रिसला ते आमच्याच ब्लॉकमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. एकटेच. मूळचे नागपूरचे, नोकरी क्वीन्सटाउनजवळच्या एका संशोधन कंपनीत. खिशात पेन नसेल, पण टिश्यूची पाकिटं कायम. इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा तुमची झाली. त्याला 'चोप' करणं म्हणतात. मग तुम्ही खुशाल रांगेत जाऊन नूडल्स घ्या, पाकिटाला कोणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकत वाढलेल्या माणसाला आणखी काय हवं?

"तिकडे रुमालावरच लोक बसून जात होते ना बाप्पा," सर म्हणतात. "इथं पाकीट जागचं हलत नाही. याला म्हणावं प्रगत देश."

ही पाकिटं ते कधी फोडत मात्र नाहीत. एकदा सर्दीने नाक वाहत होतं, तरी माझ्याकडे रुमाल मागितला. म्हटलं, खिशात तीन पाकिटं दिसताहेत की. तर म्हणाले, "ते जागेसाठी आहे. नाकासाठी नाही."

मागे एका मराठी कार्यक्रमाला त्यांनी दोन पिशव्या, स्वेटर, छत्री आणि एक चप्पल टाकून अख्खी रांग धरली होती. स्वतः दुसऱ्या चपलेवर दारात उभे, आणि आत येणाऱ्या ओळखी-अनोळखी प्रत्येकाला, "या या, तुमची जागा धरून ठेवली." एमआरटी मेट्रोतही त्यांनी शेजारच्या सीटवर पाकीट ठेवून पाहिलं. समोरची शाळकरी पोर म्हणाली, "अंकल, ट्रेनमध्ये कॅनॉट लाह." सरांना ते पटलं. त्यांनी उठून तिला स्वतःची जागा दिली. धरलेली तशीच ठेवली.

अशा माणसाला आपण कुठे निघालोय हे सांगू नये. मी सांगितलं.

मी कोल्ड रूम दुरुस्त करतो. कंपनीने व्हॅन दिली आहे, आणि त्या व्हॅनच्या बाबतीत माझी कीर्ती आधीच झाली होती. एका कार पार्कच्या दारावर उंचीची मर्यादा लिहिलेली होती. ती मी नीट वाचली, गाडीची उंची आठवली, समाधानाने आत शिरलो. टपावरच्या शिडीचा मात्र विसर पडला. दारावरचा दांडा शिडीत अडकून माझ्याबरोबरच आत आला. तेव्हा आमचे साहेब, मिस्टर लिम, शांतपणे म्हणाले होते, "नेक्स्ट टाइम, यू गो बॅक पुणे. रिपेअर सायकल."

हसण्यासारखं होतं, पण मला हसू आलं नाही. इथे राहायचा माझा पास नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की फ्लॅट, मुलीची शाळा, सगळं गुंडाळून परत.

तर त्या सकाळी लिफ्टमध्ये मी सरांना म्हणालो, "आज दुपारी तुमच्या ऑफिसच्याच बिल्डिंगमध्ये काम आहे."

"मग जेवायला खाली हॉकरमध्ये या. जागा धरतो."

"बघू," मी म्हणालो. हे ते नेहमी म्हणत आणि मी नेहमी 'बघू' म्हणत असे. डबा व्हॅनमध्ये खाल्ला की अर्धा तास डुलकी मिळते.

दुपारी तिथे पोहोचलो तर पार्किंग खचाखच भरलेलं, आणि एका रिकाम्या लॉटच्या मधोमध, भर उन्हात, दोन्ही हात पसरून गजभिये सर उभे. मागच्या खांबावर त्यांची काळी छत्री उघडून टांगलेली. एक गाडी हॉर्न वाजवत होती. सर तिला हातानेच पुढे जायला सांगत होते.

"या शिंदेभाऊ. धरून ठेवली."

मी सुखावलो. व्हॅन लावली, हत्यारं उचलली आणि पळालो. सर पाठमोरेच छत्री ओढून आपल्या वाटेने गेले. छत्रीमागे पाटी होती. लॉट राखीव आहे, दुसरी गाडी लावल्यास चाकाला कुलूप लागेल, असं तिच्यावर ठसठशीत लिहिलं होतं. पण ते वाचायला तेव्हा आम्ही दोघंही तिथे नव्हतो.

कोल्ड रूम गार करून खाली आलो तर चाकाला पिवळा जबडा आणि काचेवर ते सोडवायच्या चार्जची नोटीस. व्हॅनवर कंपनीचा नंबर मोठ्या अक्षरात रंगवलेला असल्याने मॅनेजमेंटच्या बाईंनी मला शोधण्याचा त्रासही घेतला नव्हता. त्यांनी थेट लिमसाहेबांना फोन केला होता. साहेब पाया लेबारच्या ऑफिसातून टॅक्सीने आले. नोटीस वाचून तिची घडी केली आणि खिशात ठेवली.

मी घाबरून सरांना फोन केला. तोंडातला घास आणि काखेतली छत्री तशीच घेऊन ते धावत आले, पाटी पाहिली, घास गिळला आणि बाईंना म्हणाले, "मॅडम, याची चूक नाही. पाटी मी झाकली. चार्ज माझ्या नावावर लावा."

"अंकल, यू नो कार. हाउ टु क्लॅम्प?"

सरांनी पँट जराशी वर ओढून उजवा पाय पुढे केला. "याला लावा."

बाईंनी हसू दाबत मान वळवली. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "एवढ्या उन्हात लॉटमध्ये उभे कशाला राहिलात?"

"हा कामावर येणार होता. जागेसाठी घिरट्या घालत राहिला असता."

"तुम्हाला काय मिळणार होतं?"

सरांना प्रश्नच कळला नाही. "जागा," ते म्हणाले.

लिमसाहेबांनी त्या छत्रीकडे पाहिलं. "मी इतकी वर्षं गाडी चालवतोय," ते म्हणाले. "माझ्यासाठी कोणी लॉट धरला नाही." मग माझ्याकडे वळून, "चार्ज तुझ्या पगारातून. संध्याकाळी सर्व्हिसची दुसरी जागा आहे, उशीर करू नको."

संध्याकाळी कामाला पाठवतात म्हणजे पुण्याला पाठवत नाहीत, हे समजायला मला मिनिटभर लागलं. तोवर सर निघूनही गेले होते.

आभार मानायला हॉकर सेंटरमध्ये गेलो. चौघांचं टेबल, चार पाकिटं आणि एकच वाडगं, निवलेलं. सर हात धुवायला गेले होते. मी ड्रिंक्सवाल्या आंटीला विचारलं, बाकीचे कुठे आहेत?

"व्हॉट बाकीचे?" अशा अर्थाचा चेहरा करून ती म्हणाली, "एव्हरी डे चोप फोर, ईट वन. बिफोर गॉट फ्रेंड्स. ऑल गो होम कंट्री ऑलरेडी लाह."

सर परत आले, मला पाहून गडबडले, तीन पाकिटं पटकन खिशात टाकली. "आज लोकांना जमलं नाही," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्याच कोल्ड रूमचं काम निघालं. व्हॅन पाटी दोनदा वाचून लावली, डबा आतच ठेवला आणि सरांच्या आधी हॉकर सेंटर गाठलं. सर ट्रे घेऊन आले. त्यांच्या टेबलापाशी मी बसलेला आणि समोरच्या जागेवर टिश्यूचं एक पाकीट.

"ही कोणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमची. धरून ठेवली."

त्यांनी मागे वळून पाहिलं, जणू याच नावाचा दुसरा कोणी येत असावा. मग खुर्चीच्या कडेवर बसले. दोन चमचे सूप पिऊन त्यांनी माझं पाकीट उचललं, हळूच फोडलं, एक टिश्यू काढला आणि चष्मा उतरवून डोळे पुसले.

"आज सूप भारी तिखट करून राहिला हा माणूस," ते म्हणाले.

फिश सूप होतं. त्यात तिखट औषधालाही नव्हतं. मी म्हणालो, "हो सर, फारच."